चढावावरचा दुसरा गियर

बाबा गेले त्या दिवशी सकाळी आमच्या गाडीची क्लचची वायर तुटली. गाडी दादा चालवत होता. मी मागच्या सीटवर होते. बाबांचे डोके माझ्या मांडीवर होते. आम्ही लाटंबार्सेहून म्हापशाच्या इस्पितळात निघालो होतो.

सकाळी बाबा काजूच्या बागेतून परत आले ते छाती धरूनच. पायरीवर बसले आणि पाणी मागितले. मी पाणी घेऊन येईपर्यंत ते एका अंगावर कलंडले होते. रुग्णवाहिकेची वाट बघायची की आपणच निघायचे, हे दादाने ठरवले. त्याने बाबांना उचलून मागच्या सीटवर निजवले आणि मी पलीकडच्या दाराने आत शिरले. आई चुलत्यांच्या स्कूटरवरून मागोमाग येणार होती. वाडीतली चिंचोळी वाट संपवून गाडी डांबरी रस्त्याला लागली. पहिल्या गियरवरून दुसऱ्यावर जाण्यासाठी दादाने क्लच दाबला. पायाखाली टक् झाले आणि पेडल तळाला टेकून तिथेच राहिले.

क्लच म्हणजे इंजिन आणि चाके यांना क्षणभर एकमेकांपासून सोडवणारी गोष्ट. तो नसेल तर गियर बदलता येत नाही, असे गाडी शिकवणारे सांगतात. खरे म्हणजे बदलता येतो. मात्र गाडी चालती असली पाहिजे. एकदा थांबली की गियरमध्ये असतानाच किल्ली फिरवून, धक्का खात, ती पुन्हा चालू करावी लागते. त्यासाठी बॅटरी चांगली हवी आणि रस्ता सपाट हवा. आमच्या गाडीची बॅटरी महिनाभर कुरकुरत होती. रोज सकाळी मी आणि बाबा मागून ढकलायचो, तेव्हा ती सुरू व्हायची. त्या सकाळी ती चुलत्यांनी ढकलून दिली होती.

दादाने आरशातून माझ्याकडे पाहिले आणि म्हणाला, "बाय, बाबांक घट धर. मी आता म्हापशापर्यंत रवूचंय नाय."

राहणे म्हणजे आमच्याकडे थांबणे. तो थांबणार नाही म्हणाला, आणि थांबला नाही. पुढे जे झाले ते सगळे एवढ्यावरून झाले.

क्लचशिवाय गाडी चालवायला दादा कुठे शिकला ते सांगायला हवे, कारण पुढे लोकांनी ती त्याची मस्ती ठरवली. तो खाणीवरच्या ट्रकवर ड्रायव्हर होता. डिचोलीच्या आसपासच्या खाणींतून तांबडे खनिज भरायचे आणि नदीकाठी बार्जसाठी, म्हणजे मालवाहू होड्यांसाठी, ओतायचे, हे त्याचे काम. त्या वर्षांत मी डिचोलीच्या एका वाचनालयात नव्यानेच कामाला लागले होते. रस्त्यावरून ट्रकांची रांग दिवसभर सरकत असायची. पुस्तकांच्या वरच्या कडा तांबड्या व्हायच्या. मी त्या सकाळी फडक्याने पुसायचे आणि दुपारी त्या पुन्हा तांबड्या झालेल्या असायच्या. कधी खिडकीतून मला दादाचा ट्रक दिसायचा. चार हात पुढे जायचा, थांबायचा, पुन्हा चार हात. प्रत्येक वेळी डावा पाय क्लचवर. त्या ट्रकांचा क्लच दगडासारखा जड असे. रात्री घरी आला की त्याचा डावा गुडघा भोपळ्यासारखा सुजलेला असायचा आणि आई त्याला मिठाच्या पाण्याचा शेक द्यायची.

जुन्या ड्रायव्हरांनी यावर काढलेला उपाय म्हणजे क्लचला पायच न लावणे. दादा तो त्यांच्याकडून शिकला. बाबांना तो पसंत नव्हता. ते शेतकरी, पण यंत्राच्या बाबतीत फार हळवे. पॉवर टिलरसुद्धा बैलासारखा धुऊन, पुसून ठेवायचे. एकदा दादाच्या ट्रकमधून बाजारात गेले आणि परत आल्यावर आईला म्हणाले की तुझा मुलगा गाडीचे दात उपटतो. दादा हसला. म्हणाला, दात गाडीचे जाणार की माझा गुडघा जाणार, ते एकदा ठरवून टाका.

मग खाणी बंद झाल्या. ट्रक लोकांच्या माडांखाली उभे राहिले आणि त्यांच्या टायरांत गवत उगवले. दादा मिळेल त्याच्या गाडीवर बदली ड्रायव्हर म्हणून जाऊ लागला. एका रविवारी तो मला डिचोलीहून घरी आणत होता. खाणीकडचा तो रुंद रस्ता अगदी मोकळा पडला होता. मध्येच त्याने डावा पाय वर उचलून सीटवर घडी घातली आणि म्हणाला, "क्लच आज घराक विसरून इलंय."

मी घाबरले, तसा तो अधिकच खुशीत आला. मग मात्र त्याने नीट दाखवले. ॲक्सिलरेटरवरचा पाय किंचित सैल केला की एका क्षणी गियरच्या दांड्यावरचा ताण जातो. त्या क्षणी गियर बोटांनी काढला तरी निघतो. मग थांबायचे. इंजिनाचा आवाज खाली येत असतो. तो कुठवर यायला हवा हे कानाला ठाऊक असते. तिथे आला की पुढचा गियर आपण ढकलत नाही, तो आत जातो. उतरता गियर टाकायचा तर उलटे, मधल्या वेळात इंजिनाला थोडा जोर द्यायचा. चुकले तर करकर असा आवाज होतो, हाडे दळल्यासारखा. तो आवाज त्या रविवारी एकदाच झाला, तोही मी मध्येच काहीतरी विचारले म्हणून. "गियर टाकताना बोलू नये," तो म्हणाला. "देवळात गाऱ्हाणे घालताना बोलतंस काय?"

गाऱ्हाणे म्हणजे काय, हे आमच्याकडच्या माणसाला सांगावे लागत नाही, पण हे वाचणारा दूरचा असेल तर सांगते. देवापुढे उभे राहून एकाने सर्वांच्या वतीने मोठ्याने मागणे मागायचे. प्रत्येक वाक्यानंतर जमलेल्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचे. तो होकार नसेल तर गाऱ्हाणे पोचत नाही असे मानतात. जवळून जाणारा परका माणूससुद्धा दोन पावले थांबून होकार देऊन जातो.

आमच्या वाडीकडून बाहेर पडताना चढाव लागतो. चढावाच्या अर्ध्यावर, डाव्या हाताला, रानआंब्याखाली एक शेंदूर नसलेला, साधा काळा दगड आहे. तो राखणदार. रात्री हातात काठी घेऊन शिवेवरून फिरतो असे म्हणतात. तिथून पुढे जाणारा माणूस थांबतो. चालत जाणारा चप्पल काढतो, स्कूटरवाला पाय टेकवतो, ट्रकवाला विडी पेटवून दगडापुढे ठेवतो. बससुद्धा थांबते, कंडक्टर खाली उतरून फूल टाकतो आणि घंटी मारतो. वर्षातून एकदा वाडीच्या वतीने रोट ठेवतात. रोट म्हणजे तांदळाची जाड भाकरी, सोबत केळी आणि मेणबत्ती. तो रोट ठेवण्याचे आणि गाऱ्हाणे घालण्याचे काम आमच्या घराकडे होते. बाबा ते करत. बाबांच्या आधी त्यांचे वडील.

अलीकडे त्या रस्त्याने पर्यटकांच्या भाड्याच्या गाड्या जोरात जातात. त्या थांबत नाहीत. त्यांचे काही वाईटही होत नाही. याबद्दल मी बाबांना एकदा विचारले होते. ते म्हणाले की त्यांना माफ आहे, त्यांना माहीत नाही. नियम ज्यांना माहीत आहे त्यांच्यासाठीच असतो. मला ते उत्तर तेव्हा फार आवडले होते. आज त्याची चीड येते.

त्या सकाळी दादाने चढाव लागण्याआधीच, सपाटीवर, क्लच नसताना पहिल्यावरून दुसरा गियर टाकला. आवाज झाला नाही. मग इंजिन कण्हत चढू लागले. दादाचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते आणि मान किंचित पुढे, ऐकत असल्यासारखी. बाबांचे डोळे मिटलेले होते, पण त्या रस्त्याचे प्रत्येक वळण त्यांच्या अंगात असावे. राखणदाराजवळ आलो तसा त्यांचा उजवा हात छातीवरून थोडा वर उठला. दुसरा हात त्याला भेटायला येत नव्हता. मी तो धरला.

ते म्हणाले, "राव रे."

ते शब्द स्पष्ट होते. मी ऐकले आणि दादानेही ऐकले. आरशात त्याचे डोळे क्षणभर वर आले. मग ते रस्त्याकडे गेले आणि गाडी राखणदाराला मागे टाकून वर गेली. तिथे ती थांबली असती तर उलटी घसरली असती. बॅटरीत तिला चढावावर उचलण्याचा दम नव्हता. ढकलायला कोणी नव्हते. हे मला तेव्हाही समजत होते आणि गाडीतल्या तिघांपैकी कोणाला समजत नव्हते असे मला वाटत नाही. पण बाबांना समजत होते की नाही हे मी शपथेवर सांगू शकत नाही.

पुढचा रस्ता मला तुकड्यातुकड्यांनी आठवतो. अस्नोड्याला पुलाजवळ एक बैल आडवा आला आणि दादाने गियर काढून गाडी नुसती सरपटत ठेवली, बैल हलेपर्यंत. थिवीला समोर बस उभी होती, तिला त्याने चुकीच्या बाजूने ओलांडले. एका माणसाने शिवी दिली. शुक्रवार होता. म्हापशाच्या बाजाराचा दिवस, त्यामुळे रस्त्यावर टोपल्या, रिक्षा आणि माणसे. दादाने हॉर्नवरचा हात काढलाच नाही. चौथ्यावरून तिसरा, तिसऱ्यावरून दुसरा, पुन्हा तिसरा. एकदाही करकर झाली नाही. इस्पितळाच्या पोर्चमध्ये गाडी उचकी देऊन बंद पडली. तोवर मी बाबांचा हात सोडला नव्हता. तो गरम होता.

डॉक्टरांनी दादाला बाहेर येऊन सांगितले की तुम्ही वेळेवर आणलेत, पण झटका मोठा आहे. बाबा पुन्हा बोलले नाहीत. आई पोचली तेव्हा त्यांना आत घेतले होते. काचेतून तिला पाय दिसले. दुपारी सगळे संपले.

आईने इस्पितळात काही विचारले नाही. तिने स्मशानातून माणसे परत येईपर्यंत धीर धरला. मग पुढच्या खोलीत, जमलेल्या बायकांसमोर, भिंतीला टेकून बसलेल्या दादाला तिने विचारले. तिचा आवाज चढलेला नव्हता.

"तू थंय रवलंस मा रे?"

तिला उत्तर माहीत होते. मागून येताना चुलत्यांनी स्कूटर राखणदारापाशी थांबवली होती. ती उतरली होती. दगडापुढे त्या सकाळचे काहीच नव्हते. विडी नाही, पान नाही, फूल नाही.

"नाय आई," दादा म्हणाला. "रवलंय नाय."

"आणि हे काय बोलले? शेवटी?"

मी तोंड उघडले होते. काही बोलले नाहीत, असे मी सांगणार होते. आजही मला वाटते की तेच योग्य झाले असते. पण दादाने लहानपणापासून आईशी खोटे बोलायचे नाही अशी एक खोड स्वतःला लावून घेतली होती. वाडीतली मुले त्यावरून त्याला चिडवायची. तो माझ्याआधी बोलला.

"राव म्हणाले. मी रवलंय नाय."

आई उठून आत गेली. बायकांनी एकमेकींकडे पाहिले. त्यांतली एक पुढे बारा दिवस ते वाक्य घरोघर पोचवत राहिली, आणि घरोघर ते थोडे वाढत गेले. बाबांनी दोनदा सांगितले. बाबांनी हात जोडले. बाबा रडले. शेवटी असेही ऐकले की बाबांनी दार उघडण्याचा प्रयत्न केला.

आईने दादाशी बोलणे सोडले. भांडण नाही, आदळआपट नाही. पान वाढायची, भात जास्त हवा का हे न विचारता वाढायची आणि आत जायची. "जेव रे" हा तिचा शब्द होता. तो बंद झाला. काही सांगायचे असेल तर मला सांगायची, दादा समोर बसलेला असताना. त्याला म्हणावे नळाचे पाणी येऊन गेले. त्याला म्हणावे सदरा धुवायला टाक. मी ते पुन्हा सांगायचे नाही. तो ऐकून उठायचा.

डॉक्टर काय म्हणाले ते मी तिला सांगितले. वेळेवर आणले, असे म्हणाले. दुसरा कोणी असता तर गाडी वाटेत सोडून बसला असता. बाबांचा हात शेवटपर्यंत गरम होता. तिने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, "डॉक्टराक आमच्या राखणदाराचा काय म्हायत?"

बाराव्याला गावातले मानकरी आले. देवळाच्या कामात ज्यांचा शब्द चालतो असे गृहस्थ, नात्याने बाबांचे लांबचे भाऊ. ते वाईट माणूस नव्हेत. त्यांनी मार्ग काढला. दादाने राखणदारापुढे रोट ठेवावा, नारळ फोडावा आणि चूक झाली असे म्हणावे. गाऱ्हाणे ते स्वतः घालतील. चार माणसे होकार देतील. मग वहिनी पण बोलतील आणि घर पुन्हा घर होईल. वहिनी म्हणजे आई. ती दाराआड उभी होती. तिच्या हातातले पदराचे टोक मला दिसत होते. ती या एका गोष्टीची वाट पाहत होती, हे खोलीतल्या प्रत्येकाला कळत होते.

चुलते म्हणाले, "विमानाक पण क्लच नसता. आमचो झील पायलट. पायलट थांबता खंय?" झील म्हणजे मुलगा. बसलेल्यांतले दोघे हसले. दादाही जरासा हसला. मला तो हसला याचे नवल वाटले.

"एक शब्द बोलाक काय जाता रे?" मानकरी त्याला म्हणाले. "चूक झाली म्हण. विषय संपलो."

"नारळ फोडतंय," दादा म्हणाला. "रोट दर वर्साक ठेवतंय. बाबांचा काम मी करतंय. पण चूक झाली म्हणूचंय नाय. चूक झाली नाय."

"मगे बापाशीन राव म्हटल्यान, तेचा काय?"

दादाने दाराकडे पाहिले. मग म्हणाला, "मी बाबांक वाचवूक जात होतंय."

तेव्हा मी बोलले. चढाव, बॅटरी, घसरणारी गाडी, सगळे. मी वाचनालयात नवीन सभासदांना नियम समजावते तसे समजावत गेले. मानकऱ्यांनी शांतपणे ऐकले, कारण शिकलेल्या मुलीचे ऐकून घ्यायची त्यांना सवय आहे. मग म्हणाले की त्याने थांबायला हवे होते, गाडी पुढे राखणदाराने काढली असती.  न थांबलेल्या गाडीबद्दल कोणीही काहीही म्हणू शकतो. पदराचे टोक दारामागे दिसेनासे झाले.

मला राखणदाराचा राग कधीच आला नाही. त्याने कोणाकडे काही मागितल्याचे कोणी ऐकलेले नाही. मागणारे सगळे आमच्यातलेच.

दादा पेडण्याला गेला. मोपाचा विमानतळ झाल्यापासून तिकडे ड्रायव्हरांना काम आहे. उतारूंना घेऊन तो तेरेखोलचा किल्ला दाखवायला नेतो, किनाऱ्यावर सोडतो, परत आणतो. त्याच्याकडे जी गाडी आहे तिला क्लच नाही. नव्या ऑटोमॅटिक गाड्यांना नसतो. डावा पाय नुसता ठेवायचा. एकदा फोनवर त्याने मला हे सांगितले आणि मी हसेन म्हणून थांबला. मी हसले नाही. मग आम्ही दोघांनी जेवणाबद्दल बोलून फोन ठेवला.

रोट त्या वर्षी मानकऱ्यांनी दुसऱ्या घराकडे दिला. आई त्याबद्दल काही बोलली नाही. त्या दिवशी तिने चूल पेटवली नाही, एवढेच. चतुर्थीला दादा आला. गणपतीच्या डोक्यावर टांगतात त्या माटोळीला फळे बांधली, आरतीला उभा राहिला, दीड दिवसाने गेला. आईने तेवढे दिवस माझ्यामार्फतच कारभार चालवला. पाहुण्यांना वाटले असेल की तिला बोलायचा कंटाळा आहे.

दोन वर्षे अशी गेली. मग आईच्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला आणि म्हापशाला शस्त्रक्रिया ठरली. चुलते तेव्हा बेळगावला मुलीकडे होते. मी दादाला फोन केला. आईला सांगितले तेव्हा ती काही म्हणाली नाही. पण ठरलेल्या सकाळी इरकली लुगडे नेसली आणि बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच केसांत अबोली माळली. शस्त्रक्रियेला कोणी अबोली माळून जात नाही. ती मुलाला भेटायला निघाली होती.

दादा मोटारसायकलने आला आणि आमचीच गाडी काढली. वायर नवी होती, बॅटरी नवी होती. आई पुढे बसली. दादाच्या शेजारी. मी मागे, त्याच सीटवर. चढाव लागला. अर्ध्यावर दादाने क्लच दाबला, गाडी थांबवली, हँडब्रेक ओढला. खाली उतरला, खिशातली विडी पेटवली, दगडापुढे ठेवली आणि हात जोडून उभा राहिला. तो इतर दिवशी एकटा येतो-जातो तेव्हाही हेच करतो, हे मला माहीत होते. आईला माहीत नव्हते.

ती काही वेळ वाट पाहत राहिली. तो वळला, तशी तिने दार उघडले आणि खाली उतरली. आमच्याकडे बाया गाऱ्हाणे घालत नाहीत. तिने घातले. डोळ्यात मोतीबिंदू असल्यामुळे तिला दगड नीट दिसत नसावा, ती आंब्याच्या बुंध्याकडे तोंड करून बोलत होती.

"बा राखणदारा, लेकरान चूक केल्यान. तेका कळूक नाय. पोटात घाल आणि तेका सांभाळ."

मग ती थांबली. होकारासाठी. दादा तिच्या मागे उभा होता. त्याचे ओठ मिटलेले होते. आईने माझ्याकडे मान वळवली. मी गाडीत बसून होते आणि मीही गप्प राहिले. त्या होकारात दादाने बाबांना मारले हे मान्य करणे होते. आणि त्या गप्प बसण्यापुढे, मुलाशी बोलण्यावाचून दोन वर्षे उपाशी राहिलेली एक बाई हात जोडून उभी होती. दोन्ही मला दिसत होते.

तेवढ्यात मागून एक स्कूटरवाला आला. मागे गवताचा भारा बांधलेला. तो आमच्या गावचा नव्हता. त्याने रीत म्हणून पाय टेकवले, बाई हात जोडून उभी आहे हे पाहिले, आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "व्हय म्हाराजा."

आईने डोळे मिटले. तिचे काम झाले होते. स्कूटरवाला विडी ठेवून निघून गेला. त्याला काय माहीत असणार?

गाडी पुन्हा निघाली तेव्हा आई बोलू लागली. थेट दादाशी. बारीक झालास. खोलीवर कोण स्वयंपाक करते? पेडण्याला भाकरी मिळते की नुसता पाव खाऊन राहतोस? अस्नोड्यापर्यंत ती बोलत होती, थिवीपर्यंत बोलत होती. दोन वर्षांचे साठलेले. मध्येच तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. दादा गियर बदलत होता. क्लच दाबत होता, सोडत होता, आणि तरी एका ठिकाणी करकर झाली. तो एका शब्दानेही बोलला नाही. आरशात मी त्याचे डोळे शोधले. ते रस्त्यावर होते.

संध्याकाळी त्याने आम्हांला घरी सोडले. आईच्या डोळ्यावर पट्टी होती. "जेवन जा रे," ती म्हणाली. त्याने किल्ली माझ्या हातात दिली आणि मोटारसायकल सुरू केली. पायरीपर्यंत गेलेल्या मला तो एवढेच म्हणाला, "बाय, तिणा माझ्या नावान चूक कबूल केल्यान."

मी त्याला समजावायला हवे होते, असे लोक म्हणतील. आईने माफ केले, आणखी काय हवे? पण त्याला माफी नको होती. बाबांना घेऊन तो एका वायरीवाचून सबंध रस्ता चालवत गेला, ही गोष्ट कोणीतरी खरी मानावी, एवढेच त्याला हवे होते. आई ती मानू शकली नाही. ती मानली असती तर मग बाबा कशाने गेले, याचे उत्तर तिच्याकडे उरले नसते.

त्यानंतर दोन चतुर्थ्या झाल्या. दोन्ही वेळा दादाला ड्युटी होती. रविवारी आई मला फोन लावायला लावते. ती विचारते आणि तो हुंकार देतो. मग ती फोन माझ्याकडे देते आणि तो माझ्याशी पावसाबद्दल बोलतो. आईला आता दोन्ही डोळ्यांनी चांगले दिसते. ती घरी असते. मी सकाळच्या बसने डिचोलीला वाचनालयात जाते आणि संध्याकाळी परत येते. दादा पेडण्याला असतो.